नुसतं ‘नाही’ तरी म्हणा की बे!

पुण्याच्या एका कंपनीत नोकरीसाठी अर्ज करून २३ दिवस झाले. रोज सकाळी चहाच्या आधी मेल उघडतो, मग स्पॅम, मग परत इनबॉक्स. काही नाही. पोर्टलवर जाऊन बघितलं तर तेच, ‘अंडर रिव्ह्यू’. कोण बघलालंय बे माझा अर्ज? २३ दिवसांत तर अख्ख्या फॅक्टरीचं ऑडिट होतं!

मी अकाउंट्सचा माणूस. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ७ वर्षं टॅली, जीएसटी रिटर्न, बँकेचे हिशेब. तिथं कसा लागलो? मामांनी शब्द टाकला, शेठनी समोर बसवलं, खरेदीचं एक बिल पुढं सरकवलं आणि म्हणाले, “ह्याची एंट्री करून दाखवा.” १० मिनिटांत विषय संपला. वशिला होता, मान्य. ज्याला मामा नाही तो पोरगा त्या खुर्चीपर्यंत पोचलाच नसता, तेही मान्य. म्हणून तर पुण्याच्या कंपनीचं सगळं ऑनलाइन बघून बरं वाटलेलं.

आधी रेझ्युमे अपलोड करा. केला. मग त्यातलंच सगळं, दहावीच्या मार्कांपासून, चार पानांच्या फॉर्मात परत हातानं भरा. मग रेझ्युमे मागवलाच कशाला? वर मित्र म्हणतो, तुझा दोन कॉलमचा रेझ्युमे आहे ना, तिथंच घात झाला. रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर चाळतं, ते ओळ आडवी वाचत जातं, डावीकडचं उजवीकडच्यात मिसळतं. म्हणजे नवी पेठेत पैसे मोजून करून घेतलेलं ते देखणं डिझाइन यंत्राच्या लेखी खिचडी! काढलं सगळं. ‘जीएसटी’ एकदा आखूड लिहिलं, एकदा पूर्ण लिहिलं, न जाणो यंत्रसाहेबांना कुठलं ओळखता येतं.

आणि मग तो व्हिडिओ इंटरव्ह्यू. समोर माणूसच नाही! लिंक येते, ४८ तासांत उरका म्हणतात. स्क्रीनवर प्रश्न उमटतो, विचाराला ३० सेकंद, उत्तराला ९०, आणि शेजारी आपलंच घामेजलेलं तोंड. एकच संधी, परत रेकॉर्ड करता येत नाही. आमच्या बाजूच्या घरात पॉवरलूम आहे, दिवसभर खटखट. म्हणून मी मुद्दाम त्यांच्या जेवणाची सुट्टी साधून माडीवर बसलो, शर्ट-टाय घालून, खाली घरातली बर्मुडा. तिसरा प्रश्न आला, ‘सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा तुम्ही काय केलंत?’ मी तोंड उघडलं आणि खालून आई ओरडली, “नळ आलाय, मोटर लाव आधी!” सोलापुरात नळ म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी कुणाच्या इंटरव्ह्यूसाठी थांबत नाही. मी कॅमेऱ्याकडं बघून “सॉरी, वन मिनिट” म्हणालो.

कुणाला म्हणालो मी? घड्याळ पळतच होतं. समोर माणूस असता तर हसला असता, म्हणाला असता, जा, मोटर लावून या.

ह्या यंत्रांच्या हुशारीचं कौतुक मला सांगू नका. ॲमेझॉननं असंच रेझ्युमे निवडणारं एक यंत्र बनवलं होतं. जुन्या १० वर्षांच्या अर्जांवरून शिकलं आणि बायकांचे अर्ज खाली ढकलायला लागलं. शेवटी मोडीत काढलं. २०१८ साली बातमी आली होती. न्यूयॉर्क शहरात २०२३पासून असलं यंत्र वापरायचं तर उमेदवाराला कामाचे १० दिवस आधी कळवावं लागतं. मला कुणी कळवलं? मी तर अजून ह्याच आशेवर, की कुणीतरी मॅडम हेडफोन लावून माझं ऐकतायत.

माझे आजोबा मिलमध्ये बदली कामगार होते. भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर काम. जॉबरला, म्हणजे माणसं कामावर लावणाऱ्या मुकादमाला चहापाणी करावं लागायचं, गैरसमज नको, ते काही रामराज्य नव्हतं. पण काम नसलं की जॉबर तोंडावर सांगायचा, “आज नाही.” आजोबा शिव्या घालत घरी यायचे, भाकरी खायचे, दुसऱ्या पाळीला परत जायचे. मी कुठं जाऊ? माझ्या गेटला गेटच नाही.

एका जागेला हजार अर्ज येतात म्हणे. येत असतील. पण हजार अर्ज चाळायला यंत्र आहे ना तुमच्याकडं, मग हजार ‘नाही’ पाठवायला त्याचे हात दुखतात का? एखादी कंपनी नकाराचा मेल पाठवते, तिला साष्टांग दंडवत. बाकीच्यांना आम्ही मात्र ‘इमिजिएट जॉइनर’ पाहिजे. स्वतःच्या माणसाला ९० दिवसांचा नोटीस पिरियड लावायचा आणि दुसऱ्याच्या माणसानं सोमवारी हजर व्हायचं!

आज सकाळी तीच जाहिरात परत वर आली. तीच कंपनी, तेच पद, वर लाल अक्षरात ‘अर्जंट’. उघडली. खाली अर्ज करायचं बटण पुसट झालंय, त्यावर लिहिलंय, ‘तुम्ही आधीच अर्ज केला आहे.’