मध विकला की नाही, मला काय माहीत!

तीन वेळा आयेल्ट्स दिली, म्हणजे परदेशी जायला लागणारी ती इंग्रजीची परीक्षा. तिन्ही वेळा रीडिंगला साडेसहा. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर रायटिंगला ६.५ चालतात, पण रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ हवेतच. म्हणजे ज्या रायटिंगला सगळे घाबरतात ते माझं सुटलं, आणि नुसतं वाचण्यात मी नापास! आईला हे समजावताना तोंडाला फेस आला. "वाचता येत नाही म्हणजे काय? रोज पेपर वाचतेस की गं!"

६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. सात बँड, म्हणजे सात गुण, मिळायला साधारण ३० बरोबर यावे लागतात. म्हणजे दोन-तीन प्रश्नांचाच काय तो फरक. आणि घोडं कुठं पेंड खातं तेही सराव पेपर सोडवून सोडवून पक्कं कळलंय. ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन. दिलेलं विधान उताऱ्याशी जुळतं, त्याच्या उलट आहे, की त्याबद्दल उताऱ्यात काही सांगितलेलंच नाही, ते ओळखायचं.

परवाचंच सांगते. उताऱ्यात काय, तर त्या खेड्यात जवळजवळ प्रत्येक घरामागे मधमाश्यांच्या पेट्या असत आणि दर आठवड्याला भरलेल्या गाड्या शहराच्या बाजाराकडे जात. विधान: गावकरी मध विकून पैसे मिळवत. मी ट्रू लिहिलं. उत्तर नॉट गिव्हन! का, तर गाडीत मध होता असं कुठं लिहिलेलं नाही. मग काय मधमाश्या गाडीत बसून बाजार करायला निघाल्या होत्या? क्लासचे सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही जास्त विचार करता. लिहिलंय तेवढंच घ्यायचं." बरं, घेतलं. पुढच्याच पानावर प्रश्न, लेखकाला काय सुचवायचं आहे? मी लिहिलंय तेवढंच घेतलं आणि तेही चुकलं. "मॅडम, न लिहिलेलं वाचायला शिका." अहो, एकदा काय ते ठरवा ना!

माझ्या वॉर्डात असले अंदाज बांधले तर नोकरी जाईल. केसपेपरवर डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर मागचापुढचा संदर्भ बघून औषध ओळखायचं नसतं. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी फोन करायचा, शिव्या खायच्या, पण विचारायचं. आणि दुसरं, जे लिहिलं नाही ते केलंच नाही. बीपी घेतलं, पण नोंद नाही? मग घेतलं नाही. आठ वर्षं हे अंगात मुरलंय. त्यामुळे उताऱ्यात एखादी गोष्ट नसली की माझा हात आपोआप फॉल्सकडे जातो. नॉट गिव्हन म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. कांदेपोहे खाऊन मुलाकडचे "कळवतो" म्हणून उठतात ना, अगदी तसं. पण तिथंसुद्धा ते जिना उतरायच्या आत अख्ख्या वाड्याला कळलेलं असतं की हे काही जमत नाही! आमचं निम्मं बोलणं लेकी बोले सुने लागे. सासू स्वयंपाकघरात भांडी आपटते तेव्हा काय चिठ्ठी लिहून देते? आणि अनुमान काढायला आम्हाला शिकवताय होय?

दुसरा उपदेश, "अडलेल्या शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून लावा." शेजारचे तरी यायला नकोत? भाषेच्या अभ्यासकांनी हे मोजलंय. मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट कळायचा तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. नऊशे शब्दांचा उतारा धरला तर अनोळखी शब्द चालणार अठरा. माझा तो कोटा दुसऱ्या परिच्छेदातच संपतो. अडलेल्या शब्दाच्या शेजारी आणखी एक अडलेला शब्द, कोणी कोणाचा अर्थ सांगायचा?

त्यापेक्षा भयंकर म्हणजे जे शब्द आपल्याला येतात असं वाटतं ते. आमच्याकडे लोन सँक्शन झालं की पेढे वाटतात. उताऱ्यात एका देशावर सँक्शन्स लागले, मला वाटलं, चला, मदत मंजूर झाली बिचाऱ्यांना. लागले होते निर्बंध! 'हार्डली वर्क्ड' वाचून ते कामगार मरमर राबत होते असं धरलं आणि ओळीने तीन प्रश्न घालवले. त्यांनी काडी हलवली नव्हती!

शाळेत तरी काय शिकलो? महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याच्या लगेच नंतरची आमची तुकडी. कौतुक फार होतं. प्रत्यक्षात काय, तर प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि ओळ जशीच्या तशी उतरवायची. अवघड शब्दांचे अर्थ बाई फळ्यावर लिहून द्यायच्या. 'तुमचे स्वतःचे मत लिहा' याचंसुद्धा उत्तर गाईडमध्ये छापलेलं. स्वतःचं मत, तेही पाठ करून! आणि आता तिशीत मला कोणी विचारतंय, लेखकाचा सूर उपरोधिक आहे का.

क्लासवाल्यांना यातलं काहीच शिकवायचं नसतं, त्यांच्याकडे युक्त्या आहेत. 'ऑल', 'ऑलवेज', 'ओन्ली' दिसलं की डोळे मिटून फॉल्स मारा. मारला. दोनदा चुकला. बरं, स्कोअर दोनच वर्षं चालतो, त्यामुळे पहिल्या वेळचं लिसनिंगचं साडेसातसुद्धा आता शिळं व्हायला आलंय.

गेल्या आठवड्यात नाईटला एक आजोबा होते. "बरं वाटतंय सिस्टर, झोपा तुम्ही." पण कपाळावर घाम, हात गार, आणि एरवी बडबड करणारा माणूस भिंतीकडे तोंड करून गप्प. ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. ईसीजी काढला, ॲटॅक. वेळेत सापडले म्हणून आयसीयूत गेले.

सरांना हे सांगितलं तर खूश झाले. "बघा मॅडम, तुम्हाला इन्फरन्स, म्हणजे अनुमान काढता येतंय!" जरा बरं वाटलं. मग त्यांनी पुढच्या बॅचची फी सांगितली.