एकोणीस माणसं कमी

पैसे मागणारी माणसं आमच्या गावाला नवी नाहीत. गणपतीची वर्गणी, सप्त्याची वर्गणी, मारुतीच्या पाराला टाइल्स बसवायची वर्गणी, असं बारमाही चालू असतं. पण 'घ्या हो पैसे' म्हणत दारोदार फिरणारा, आणि तरी ज्याचे पैसे कोणी घेईना, असा माणूस गावानं यंदाच्या मार्चात पहिल्यांदा पाहिला. तो मी.

मी भाषांतरं करतो. फवारणी पंप, पेरणी यंत्र, रोटाव्हेटर यांची माहितीपुस्तकं इंग्रजीतून मराठीत आणतो. गाव आर्णी तालुक्यात, आत. एसटी दिवसातून दोनदा येते आणि नेट, लाइन असली की येतं. बुढ्याच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, लेखी हा धंदाच नव्हे. "दिवसभर बसून राह्यते, अन् म्हणते काम करून राह्यलो," अशी माझी ओळख तो पाहुण्यांना करून देतो.

तर एका फ्रेंच कंपनीचं वर्षभराचं काम जुळलं. सहा हजार युरो. बुढ्याला रुपयांत सांगितलं तेव्हा त्यानं तंबाखू मळायची थांबवली. सही व्हायच्या आधी तिथल्या खरेदी विभागातल्या बाईंचा मेल आला: तुम्ही तुमच्या देशात 'सोशल काँट्रिब्युशन' नियमित भरता, याचा पुरावा पाठवा.

सवयीनं मी मनातल्या मनात भाषांतर केलं. सामाजिक वर्गणी. म्हटलं, एवढंच ना? पावत्यांनी डबा भरलाय.

पुढचं वाचल्यावर कळलं, की ही वर्गणी वेगळी. फ्रान्समध्ये पाच हजार युरो किंवा वर रकमेचं काम कोणाला दिलं, की तो माणूस आजारपणाचे, म्हातारपणाचे हप्ते भरतो का, हे काम देणाऱ्यानं तपासायचं असतं. करार करताना एकदा, आणि पुढे काम संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी. नाही तपासलं आणि तो चोरून काम करणारा निघाला, तर त्याची थकबाकी काम देणाऱ्याच्या गळ्यात पडू शकते. तिथे हे हप्ते गोळा करणारी उर्साफ नावाची यंत्रणा आहे. नळ दुरुस्त करणारा असो की भाषांतरवाला, तिच्या संकेतस्थळावरून दाखला उतरवून घेतो. दाखल्याचं नाव 'आतेस्तासिऑं द व्हिजिलांस'. सावधगिरीचा दाखला. मला तर हा कायदा आवडला. पगार देणारा मालक नसलेल्या माणसाचंही म्हातारपण कोणीतरी वहीत मांडून ठेवतंय, ही काय वाईट गोष्ट आहे? आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्याला ठरतं. त्यात धान्य येतं, कपडे येतात, म्हातारपण येत नाही.

पण मी भरू कुठे?

पहिला फोन साडभाऊला. तो बुटीबोरीच्या एमआयडीसीत कायम आहे आणि ते 'कायम' तो बोलण्यातही वापरतो. "माह्ये बारा टक्के कटतात, कंपनी तेवढेच टाकते," असं म्हणून त्यानं मोबाइलमधलं पीएफचं पासबुक पाठवलं. मी मागितलं नव्हतं. वर म्हणाला, "तुह्यं कोन कापन? तूच मालक, तूच नौकर." एवढ्या वर्षांत माझ्या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन कोणी केलं नव्हतं.

मग तालुक्याला, ऑनलाइनवाल्या पोट्ट्याकडे. शेतकऱ्याची केवायसी, पोरींचे फॉर्म, सातबारा, सगळं तोच करतो. त्याला म्हटलं, मला सामाजिक सुरक्षेत पैसे भरायचे आहेत. त्यानं मान वर करून पाहिलं. असं गिऱ्हाइक त्याच्याकडे आलेलं नसावं.

"ई-श्रम कार्ड काढू का? वय किती?"

"त्रेचाळीस."

"चालते. इन्कम टॅक्स भरता?"

"भरतो."

"मंग नाही चालत."

"अटल पेन्शन?"

"चाळिशीच्या आत पायजे. अन् टॅक्सवाला थितंबी नाही पायजे."

"श्रमयोगी मानधन?"

"महिन्याले पंधरा हजाराच्या आत कमाई पायजे. अन् वय पुन्हा चाळीस."

टॅक्स भरल्याची एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. शेवटी मी पीएफचाच विषय काढला.

"थ्याले वीस मानसं लागतात, काका. तुमच्याइथं कामाले किती?"

"मी एकटाच."

त्यानं खरोखर वजाबाकी केली. "एकोनीस कमी पडतात."

घरी येऊन हे सांगितलं तर बुढा म्हणाला, "पोयाच्या दिवशी बैलं धरले तरी नाही भरत."

रात्री जागून मी वाचत बसलो. भारत आणि फ्रान्समध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, 2011 पासून लागू. क्षणभर वाटलं, सुटलो. पण तो इकडच्या कंपनीनं तिकडे धाडलेल्या नोकरदारांच्या सोयीचा. मी धाडला गेलो तो जास्तीत जास्त आर्णीपर्यंत, तोही गॅस सिलिंडर घेऊन. आपल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार', म्हणजे नोकरी नसलेला, कामागणिक पैसे घेणारा, हा शब्द आलाय, तोही वाचला. पण त्यातली वर्गणी डब्बे पोचवणाऱ्या, गाड्या जोडून देणाऱ्या कंपन्यांनी भरायची. मला जोडून देणारं कोणी नाही. पोस्टातल्या पीपीएफचं पासबुक पाठवून पाहिलं. बाईंचं उत्तर आलं: ही तुमची बचत आहे, आम्हाला सक्तीचं हवं.

सक्तीचं! गावात सक्तीनं घेतात ती फक्त गणपतीवाली पोरं.

मग फ्रेंच कायद्यातलंच एक पोटवाक्य सापडलं. परदेशातल्या माणसाकडून असा दाखला मागायचा तो त्याच्या देशाच्या कायद्यात तशी तरतूद असेल तर. 'असेल तर'! भाषांतरवाल्याला दोन शब्दांची किंमत कळते. मी ते वाक्य ठळक करून पाठवलं आणि कळवलं, की आमच्याकडे एकट्या माणसाला अशी सक्तीची तरतूद नाही. उत्तर आलं, अतिशय नम्र: तर मग तरतूद नसल्याचं सरकारी पत्र पाठवा.

आता ही मागणी मात्र आपल्या देशाच्या कुवतीतली होती. असल्याचा दाखला मिळायला त्रास होतो. नसल्याच्या दाखल्यांत आपला हात कोणी धरणार नाही. मी सरळ ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाचं पदनाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण ग्रामसेवक म्हटल्याशिवाय ते वळून बघत नाहीत. मार्चअखेर, वसुलीचे दिवस. साहेब टेबलावर डोकं धरून बसले होते.

"फ्रान्सच्या कायद्यावर मी कसा सही करू भाऊ?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "घरटॅक्स भरला का?"

भरला नव्हता. घरपट्टी, पाणीपट्टी, मागच्या साली राहिलेली दिवाबत्ती, सगळं तिथेच मोजून दिलं. गेले दहा दिवस मी ज्या माणसाला शोधत होतो तो हाच: माझे पैसे आनंदानं घेणारा. आणि त्यांनी मला जो कागद दिला त्याचं नाव 'थकबाकी नसल्याचा दाखला'. सदर इसमाकडे चालू सालाअखेर कोणतीही बाकी नाही. जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. शिक्का थोडा सहीवर चढलेला, म्हणजे अस्सल.

मी त्याचं इमानदारीनं भाषांतर केलं. घरपट्टीला घरपट्टीच म्हटलं, पाणीपट्टीला पाणीपट्टी. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. दोन दिवसांनी बाईंनी कळवलं, कागद मान्य. मला अजूनही वाटतं, त्यांनी शिक्काच वाचला असावा.

करार झाला, पहिले पैसे आले, बुढ्यानं पाहुण्यांना सांगायचं वाक्य बदललं. आता तो म्हणतो, "फ्रान्सवाले थ्याले पैसे देतात. काहून देतात, काय माहीत बाप्पा."

परवा मेल आला. सहा महिने संपत आलेत, नवा दाखला पाठवा. ग्रामपंचायतीत गेलो तर साहेबांची बदली झालेली. नवे अजून चार्ज घेतात म्हणे. परतलो तर दारात गणेश मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन उभी.

"काका, एक्कावन."

"शिक्का आहे का मंडळाचा?"

"कायचा शिक्का?"

"गोल पायजे. सहीवर थोडा चढला पायजे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "एक्कावन रुपयाले शिक्का?"

"पाचशे एक देतो. पण जावक क्रमांक टाकजो."