टोकाला त्वरण शून्य? मग वस्तू परत कशी येते?

अकरावीतल्या भाचीने काल एक चित्र पाठवलं. 'सरल हरात्मक गती दोन मिनिटांत, फक्त चार वाक्यं पाठ करा.' (सरल हरात्मक गती म्हणजे स्प्रिंगला जोडलेल्या वस्तूची मध्याभोवती होते तशी ये-जा.) खाली तिचा प्रश्न: 'मामा, सगळ्या ग्रुपांवर हेच फिरतंय. एवढं केलं तर चालेल ना?' नाही चालणार. चारांतलं एकही वाक्य जसंच्या तसं बरोबर नाही.

सगळ्यात घातक दुसरं: 'टोकाला वस्तू थांबते, म्हणून तिथे वेग शून्य आणि त्वरणही शून्य.' वेग शून्य, कबूल. पण त्वरणही, म्हणजे वेग बदलण्याचा दरही, शून्य असेल तर वस्तू परत कशाला येईल? तिथेच नाही का राहणार? १ किलोची वस्तू गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवा, १०० न्यूटन प्रति मीटर स्थिरांकाच्या (म्हणजे मीटरभर ताणायला १०० न्यूटन बल लागेल अशा) स्प्रिंगला जोडा आणि १० सेंटीमीटर ओढून सोडा. सोडताना वेग शून्य, पण स्प्रिंग १० न्यूटनने खेचतेय. म्हणजे त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग, संपूर्ण दोलनातलं सर्वाधिक. मध्यावर नेमकं उलटं: वेग सर्वाधिक, सेकंदाला १ मीटर, आणि त्वरण शून्य. ताणलेली स्प्रिंग हातात धरली की ओढ जाणवते, तेच हे बल. हे वाक्य पाठ करणाऱ्या मुलाचे पुढचे सगळे आलेख चुकणार, याचा मला खरा राग आहे.

'जड लंबक हळू झुलतो.' साफ चूक. वस्तुमान दुप्पट केलं की गुरुत्वबलही दुप्पट होतं, म्हणून त्वरण तेवढंच राहतं आणि झुलायला लागणारा वेळही. स्प्रिंगवर मात्र वस्तुमान चौपट केलं की आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाचा वेळ, दुप्पट होतो. लिहिणाऱ्याने दोन्हींची गल्लत केलीय.

'लंबक कितीही झुकवा, वेळ तेवढाच.' यात अर्धं सत्य आहे, मानावं लागेल. लहान कोनांना फरक नगण्य असतो, आणि गॅलिलिओचीही हीच समजूत होती. पण डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७३च्या ग्रंथात सिद्ध केलं की वेळ नेमका सारखा राहायचा तर गोळा वर्तुळाच्या कमानीवर नाही, सायक्लॉइड वक्रावर (सरळ घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो त्या वक्रावर) फिरायला हवा. ९० अंशांवरून सोडलेल्या लंबकाला लहान कोनापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त वेळ लागतो.

राहिलं 'पुन्हा पुन्हा होणारी प्रत्येक गती सरल हरात्मक.' टप्पे खाणाऱ्या चेंडूवर हवेत असताना बल सतत तेवढंच असतं. सरल हरात्मक गतीत ते मध्याकडे असतं आणि विस्थापनाच्या, म्हणजे मध्यापासूनच्या अंतराच्या, प्रमाणात वाढतं. एवढंच भाचीला लिहिलं आणि टोकाचं त्वरण यावरून काढ म्हटलं. मिनिटभरात उत्तर आलं: 'विस्थापन तिथे सर्वात जास्त, म्हणजे त्वरणही. ग्रुपवर टाकू?' म्हटलं, आत्ताच टाक.