खुलासा : बिलातून कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) बुडत नाही
‘सरकारी कामाच्या बिलातला टीडीएस परत मिळत नाही, टेंडर चढ्या दरानं भरा’ हा मेसेज कंत्राटदारांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. आयकराची कपात एकट्या मालकाला १ टक्का, भागीदारी संस्थेला किंवा कंपनीला २ टक्के. ती २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या कापलेल्या कराच्या नोंदपत्रकात दिसते, विवरणपत्र भरताना आपल्या करातून वळती होते, जास्त कापली असेल तर परतावा मिळतो. करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचे २ टक्के वेगळे, तेही जीएसटी सोडून मूळ रकमेवर. या जीएसटी कपातीची नोंद जीएसटी पोर्टलवर आपण स्वतः स्वीकारावी लागते, मगच पैसे कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात जमा होतात. अनेकांचं इथंच राहून जातं. माझ्या बिलांचे पैसे मी असेच वळते करून घेतलेत. पैसे वळते होईपर्यंत रक्कम अडकते, मजुरी भागवताना ओढाताण होते, हे खरंच. पण दर चढवले तर कामच हातचं जाईल. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.