वेड, मायामी हीट आणि ते साठ-सत्तर लाख डॉलर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बास्केटबॉलपटू ड्वेन वेडवरच्या लेखाला तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. एवढं सविस्तर आणि मुद्द्याला धरून कुणी लिहिलं की दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटत नाही, म्हणून वेगळी पोस्टच लिहितो आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये वेड तेरा वर्षं मायामी हीट संघाकडून खेळला आणि २०१६ च्या जुलैत शिकागो बुल्स संघाकडे गेला. हीटने त्याला जाऊ द्यायला नको होतं, शिकागोइतकेच पैसे द्यायला हवे होते, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं : वेड तेव्हा ३४ वर्षांचा होता, गुडघे कामातून गेले होते. तुम्ही शिकागोजवळ राहता, पुढच्या हंगामात त्याला बुल्सच्या युनायटेड सेंटरमध्ये जाऊन पाहिलंत आणि तो उतरणीला लागलाय हे तुम्हाला डोळ्यांनी दिसलं. संघ हा व्यवसाय आहे, जुन्या उपकारांवर पगार ठरत नाहीत. स्पर्स संघाचा टिम डंकन आणि डॅलसचा डर्क नोविट्स्की यांनी कमी पैसे घेतले, मग वेडला काय झालं होतं? लेकर्स संघाने कोबी ब्रायंटला भावनेच्या भरात पैसे दिले आणि भोगलं. शेवटी तुम्ही थेट विचारलंत, "मग तुमच्या मते आकडा किती?"

वेड उतरणीला लागला होता, हे खरंच आहे. शिकागोत तो ६० सामने खेळला, सामन्यागणिक १८ च्या आसपास गुण केले, मार्चमध्ये कोपराला दुखापत झाली. दुसरा हंगाम सुरू व्हायच्या आधीच बुल्सशी तडजोड करून करार मोडला. २००६ च्या अंतिम मालिकेत डॅलसविरुद्ध सामन्याला सरासरी जवळपास ३५ गुण करणारा वेड २०१६ मध्ये शिल्लक नव्हता. पण हीटनेही तो वेड मिळणार म्हणून पैसे मोजायचे नव्हते. प्रश्न होता तो हिशेबाचा. माझा आक्षेप असा की हीटने तो शेवटच्या पानावरून केला आणि तुम्हीही तेच पान उघडून बसला आहात.

मागची पानं बघू. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स आणि क्रिस बॉश हे दोन तारे मायामीत आले तेव्हा शहराचा, संघाचा जुना मानकरी वेड होता. त्याने त्या दोघांपेक्षा थोडा कमी पगार घेतला, सहा वर्षांचे १० कोटी ७५ लाख डॉलर. २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं आली. २०१४ च्या उन्हाळ्यात त्याच्या करारातली दोन वर्षं शिल्लक होती आणि त्यांचे ४ कोटी १८ लाख डॉलर ठरलेले होते. ते तो सहज घेऊ शकला असता. संघाला जुळवाजुळव करता यावी म्हणून त्याने करार सोडला. त्यानंतर लेब्रॉन निघून गेला आणि हीटने बॉशला मोठा करार दिला. वेडला त्या दोन वर्षांत मिळाले दीड कोटी आणि दोन कोटी, म्हणजे एकूण साडेतीन कोटी. फरक ६८ लाखांचा.

आता २०१६ ला या. हीटचा शेवटचा देकार दोन वर्षांचे चार कोटींच्या आसपास होता आणि शिकागोने दिले ४ कोटी ७० लाख. म्हणजे ज्या रकमेवरून तेरा वर्षांचं नातं तुटलं ती साठ-सत्तर लाखांची. त्याने दोन वर्षांपूर्वी संघासाठी सोडलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती. हे उपकाराचे पैसे कसे म्हणता येतील? ती उधारी होती.

तुम्ही म्हणाल, खेळाडूने राजीखुशीने सोडलेले पैसे म्हणजे उधारी नव्हे. पण एनबीएचे नियम बघा. संघाच्या एकूण पगाराला सॅलरी कॅप, म्हणजे वरची मर्यादा, आहे आणि एकेका खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा आहे. त्यामुळे ऐन भरातल्या ताऱ्याला त्याच्या खेळाचं पूर्ण मोल संघ देऊच शकत नाही, नियमच आडवा येतो. वर तो आपणहून आणखी कमी घेतो, कारण त्या जागेत दुसरा कुणी बसवता येईल. हा मोबदला संघ त्याला फक्त पुढच्या करारात देऊ शकतो, दुसरा कायदेशीर रस्ताच नाही. हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असतं, कागदावर मात्र कुणी लिहीत नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. मायामीतल्या तेरा हंगामांत वेड एकदाही संघातला सर्वाधिक पगाराचा खेळाडू नव्हता. आधी शकील ओनील, मग जर्मेन ओनील, मग लेब्रॉन आणि बॉश, शेवटी एकटा बॉश. संघाची ओळख वेड आणि पगाराच्या यादीत वर नेहमी दुसराच कुणी.

तुमचा सगळ्यात पटण्यासारखा वाटणारा मुद्दा हा की हीट त्याला आदल्या वर्षीइतकाच, वर्षाला दोन कोटी पगार देत होते, ३४ व्या वर्षी आणखी काय हवं? इथेच आकडे फसवतात. टीव्हीचा नऊ वर्षांचा २४ अब्ज डॉलरचा नवा करार लागू झाला आणि सॅलरी कॅप एका उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेला. सातातले दोन म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के. ९.४१ मधले दोन म्हणजे सव्वाएकवीस टक्के. पगार तोच ठेवून हीटने त्याचा वाटा पाव हिश्शाने कापला होता. शिकागोच्या आकड्यातही तो पंचवीस टक्क्यांच्या आतच होता, म्हणजे बुल्सही त्याला आदल्या वर्षापेक्षा कमी वाटा देत होते. त्याच आठवड्यात माइक कॉनलीला मेम्फिसने पाच वर्षांचे १५ कोटी ३० लाख दिले, आणि कॉनली तोवर एकदाही ऑल-स्टार झालेला, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या वार्षिक सामन्यासाठी निवडला गेलेला, नव्हता. लेकर्सनी मोझगॉव्हला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख दिले. बाजार असा वर उसळलेला असताना वेडने आपल्या घरच्या संघाकडे याहून जास्त वाटा मागितला, तर त्याला हाव म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, इलिनॉयमध्ये आहे, म्हणजे हातात पडणाऱ्या पैशांत फरक आणखी कमी होता, म्हणून वेड अहंकारापायी गेला, असंही तुम्ही लिहिलंय. फरक जितका कमी तितका तो भरून काढणं संघाला सोपं, असं नाही का वाटत तुम्हाला? सगळा समजूतदारपणा खेळाडूनेच का दाखवायचा?

आता डंकन आणि डर्क. दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे. डंकन २०१२ मध्ये वर्षाला दोन कोटींवरून एक कोटीच्या आसपास आला आणि २०१४ मध्ये स्पर्सनी अजिंक्यपद जिंकलं. डर्कने २०१४ मध्ये तीन वर्षांचे फक्त अडीच कोटी घेतले. पण डर्कच्या त्यागातून डॅलसला काय मिळालं? चॅन्डलर पार्सन्स, तीन वर्षांचे ४ कोटी ६० लाख, आणि त्याच्या गुडघ्यांची दुखणी. पुढे २०१६ मध्ये डॅलसने काय केलं ते तुमच्या प्रतिक्रियेत आलेलं नाही. ३८ वर्षांच्या डर्कला त्यांनी दोन वर्षांचे ५ कोटी डॉलर देऊ केले. मार्क क्यूबनचा संघ उधारी फेडत होता. पुढच्या वर्षी डर्क पुन्हा ५० लाखांवर खेळायला तयार झाला, तोही हसतमुखाने. म्हणजे डर्कचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मायामीने जुलै २०१६ मध्ये जे केलं नाही ते डॅलसने त्याच जुलैत केलं.

कोबीचा करार मात्र मलाही चुकीचाच वाटतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये, घोट्यामागची शिर तुटल्यानंतर तो एकही सामना खेळलेला नसताना, लेकर्सनी त्याला पुढच्या दोन वर्षांचे ४ कोटी ८५ लाख देऊन टाकले. पहिल्याच वर्षी कॅपचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्याच्या एकट्याच्या नावावर. तो त्या हंगामांत ३५ आणि ६६ सामने खेळला, संघाने २१ आणि १७ जिंकले. पण दोन प्रकरणांत फरक आहे. कोबी आधीच लीगमधला सर्वाधिक पगार घेत होता, त्याची कुठली उधारी थकलेली नव्हती. दुसरा संघ बोली लावत नव्हता, तो मुक्त व्हायला अजून अख्खा हंगाम जायचा होता. लेकर्स स्वतःशीच लिलाव खेळले. वेडचा करार समोर आला तेव्हा तो नुकताच ७४ सामने खेळून, सरासरी १९ गुण करून मोकळा झाला होता आणि शिकागोचा कागद टेबलावर होता.

२९ एप्रिल २०१६ चा शार्लटमधला सामना तुम्ही पाहिला असेल तर आठवा. प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, पहिल्या फेरीतला सहावा सामना, मालिकेत हीट २-३ ने मागे, हरले की घरी. बॉश रक्ताच्या गुठळ्यांमुळे फेब्रुवारीपासून बाहेर. कोर्टाला लागून बसलेला जांभळ्या शर्टातला एक प्रेक्षक वेडला सतत डिवचत होता. वेडचे अख्ख्या हंगामात तीन गुणांचे फक्त सात शॉट आत गेले होते, डिसेंबरनंतर एकही नाही. शार्लटचे खेळाडू त्याला लांबून मोकळं सोडत होते आणि त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. चौथ्या पावात त्याने तसे दोन मारले, दोन्ही आत. २३ गुण, सामना ९७-९० असा खिशात, आणि सातवा सामना मायामीत हीटने आरामात जिंकला. पुढे टोरांटोशी मालिका सात सामन्यांपर्यंत गेली तीही त्याच्याच जोरावर. हे सगळं करार संपायच्या दोन महिने आधीचं आहे. गुडघे कामातून गेलेल्या माणसाचा हा हिशेब तुम्ही कुठल्या रकान्यात मांडाल?

वाचवलेल्या पैशांचं हीटने काय केलं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तुमच्या प्रतिक्रियेत तो कुठेच नाही. हसन व्हाइटसाइडला चार वर्षांचे ९ कोटी ८० लाख. माणूस गुणी होता, पण लीगमध्ये टिकून खेळायला लागून त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. मग त्या उन्हाळ्यात मोकळा झालेला तारा केव्हिन ड्युरंट याच्यासाठी धावपळ, आणि ड्युरंट ४ जुलैला गोल्डन स्टेटला गेला. दोन दिवसांनी वेड शिकागोला. त्यानंतर ब्रुकलिनने हीटच्याच टायलर जॉन्सनला दिलेला चार वर्षांचा ५ कोटींचा देकार हीटने तेवढेच पैसे मोजून स्वतःच्या अंगावर घेतला. त्याची रचना बघण्यासारखी होती : पहिली दोन वर्षं साठ लाखांच्या आत, पुढची दोन एकदम १ कोटी ९० लाखांच्या घरात. २०१७ मध्ये डिऑन वेटर्सला ५ कोटी २० लाख, जेम्स जॉन्सनला ६ कोटी, ऑलिनिकला ५ कोटी, तिघांनाही चार-चार वर्षांसाठी. वेडचा शिकागोतला करार ठरल्याप्रमाणे २०१८ च्या जूनमध्ये संपणारच होता. वरच्या यादीतला एकही तेव्हा संपत नव्हता. नेमक्या त्या उन्हाळ्यात हीटच्या हातात नव्या माणसासाठी जागाच नव्हती. वयस्क ताऱ्याच्या करारात वार्षिक आकड्याची भीती कमी, वर्षांच्या संख्येची जास्त. दोन वर्षं जादा पैसे मोजून संघ बुडत नाही. मधल्या फळीच्या खेळाडूंना चार-चार वर्षं बांधून घेतलं की हातपाय बांधले जातात.

त्या हंगामाचा निकाल तुम्हाला बुल्सचे चाहते म्हणून तोंडपाठ असेल. हीट ४१-४१, बुल्सही ४१-४१. बरोबरी सुटली ती बुल्सच्या बाजूने, प्लेऑफमध्ये ते गेले आणि मायामी घरी बसली. वेड असता तर एक तरी सामना जास्त जिंकला असता का, हे सिद्ध करता येणार नाही. पण त्याला सोडल्याने संघ सुधारला, हे तर नक्कीच म्हणता येणार नाही. हीटचे अध्यक्ष पॅट रायलींनीही पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली की आपण या वाटाघाटीत स्वतः पडायला हवं होतं.

तुम्ही धोनीचाही दाखला दिलात, की चेन्नईने त्याला २०२५ साठी फक्त ४ कोटी रुपयांत ठेवलं. धोनीला ते चार कोटी वयाच्या ४३ व्या वर्षी मिळाले, २०१८ मध्ये त्याच चेन्नईकडून तो १५ कोटी घेत होता. वेडही २०१८ मध्ये मायामीत परतल्यावर किमान पगारावरच खेळला, शेवटच्या हंगामात वर्षाला २५ लाख डॉलरसुद्धा नव्हते आणि त्याने हूं की चूं केलं नाही. कमी पैशांना त्याचा कधीच नकार नव्हता.

"चेंडू खेळायला चार कोटी डॉलर, यांच्यासाठी आपण का रडायचं" या वाक्याबद्दलही थोडं. लीगच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो, हे संघमालक आणि खेळाडूंच्या संघटनेच्या करारात ठरलेलं आहे. वेडने साठ लाख कमी घेतले तर मायामीचं तिकीट एक डॉलरनेही स्वस्त होत नाही. ते पैसे दुसऱ्या खेळाडूकडे जातात, इतकंच. मग ते टायलर जॉन्सनकडे जावेत की वेडकडे, एवढाच आपला वाद आहे.

आता तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर. दोन वर्षं, ४ कोटी ८० लाख डॉलर, १ जुलैला सकाळी, ड्युरंटला भेटायला जायच्या आधी, रायलींनी स्वतः वेडच्या घरी जाऊन. कॅपमध्ये जागा कमी पडत होती तर जॉश मॅकरॉबर्ट्सचा वर्षाला ५८ लाखांचा करार एखादा ड्राफ्ट पिक (नवोदित खेळाडू निवडायचा हक्क) सोबत देऊन दुसऱ्या संघाकडे सरकवायचा. वेडने तिसरं वर्ष मागितलं असतं तर तिथे मात्र मी ठाम नाही म्हटलं असतं.