एल्कच्या रानात धुऱ्याचं भांडण

'दादा, तुमच्याकडे लोक परवाना काढून हरणं मारतात, फोटो टाकतात. आमचं धान रानडुकरं लोळवतात आणि आम्ही हात लावला तर कोर्टकचेरी. असं कसं?' धाकट्या चुलतभावाचा हा निरोप दर वर्षी धान निसवायला लागलं की येतोच. त्याच सुमारास पुण्यातल्या एखाद्या मित्राचाही येतो : 'तू त्या रानटी लोकांत कसा राहतोस?' मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. राहतो मोंटानात, बोझमनला. इथे ऑक्टोबरच्या शेवटी निम्मं ऑफिस एल्कच्या मागे डोंगरात गेलेलं असतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगाने बराच थोराड.

दोघांनाही एकच सांगावंसं वाटतं, की तुम्ही बंदुकीकडे बघताय. इथली खरी भांडणं बंदुकीवरून होत नाहीत, वाटेवरून होतात. भंडाऱ्याच्या माणसाला ती चटकन कळतील, कारण ती धुऱ्याचीच, म्हणजे शेताच्या बांधाचीच, भांडणं आहेत.

शेजारच्या वायोमिंगमधलं प्रकरण घ्या. १८६०च्या दशकात अमेरिकी सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळाच्या दोन्ही अंगांना एकेक चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक देऊन टाकले. नकाशावर बुद्धिबळाचा पट उमटला, काळी घरं खासगी आणि पांढरी सरकारी. एका पांढऱ्या घरातून दुसऱ्यात जायचं तर कोपऱ्यावरून तिरकं पाऊल टाकण्याशिवाय इलाज नाही. एल्क माउंटन भागातल्या एका धनाढ्य मालकाने असल्या कोपऱ्यावर दोन लोखंडी खांब ठोकले, मध्ये साखळी ओढली आणि 'प्रवेश बंद'च्या पाट्या लावल्या. मिसूरीहून आलेले शिकारी २०२०मध्ये खांबांना धरून गिरकी घेत पलीकडे गेले. २०२१मध्ये ते चौघे आले ते लोखंडी शिडी घेऊनच. या सरकारी तुकड्यातून चढायचं, त्या सरकारी तुकड्यात उतरायचं, मधल्या खासगी मातीला बूट लागू द्यायचा नाही.

मालक म्हणाला, मातीला लागला नसेल, पण माझ्या हद्दीतल्या हवेतून तुमचा खांदा गेला. आमच्याकडे शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी हद्दीत आली म्हणून दोन पिढ्या बोलत नाहीत, त्यामुळे मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही. फौजदारी खटल्यात २०२२मध्ये ज्यूरीने चौघांना निर्दोष सोडलं. मालकाने दिवाणी दावा लावून लाखो डॉलरची भरपाई मागितली, तो २०२३मध्ये हरला. मार्च २०२५मध्ये अपिलाच्या न्यायालयानेही शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायलाच नकार दिला. आधार कोणता, तर १८८५चा एक कायदा. तेव्हाचे बडे गुरंमालक सरकारी कुरणांना कुंपणं घालून ती गिळत होते, त्यांना आवरायला तो केला होता.

निकाल लागू झाला तो त्या न्यायालयाच्या अखत्यारीतल्या सहा राज्यांना. मोंटाना त्यात नाही. इथला वन्यजीव विभाग अजूनही म्हणतो की कोपरा ओलांडणं बेकायदा आहे. माझे सहकारी त्यावर जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नदीच्या बाबतीत मात्र मोंटाना फार पुढे आहे. १९७२च्या राज्यघटनेने पाणी राज्याच्या, म्हणजे लोकांच्या नावावर केलं. १९८४मध्ये डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या दोन नद्यांच्या खटल्यांत न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला आणि १९८५मध्ये विधिमंडळाने कायदाच केला. काठ कुणाचाही असो, भरल्या पाण्याची खूण जिथवर आहे तिथवर तुम्ही पात्रातून चालू शकता, मासे धरू शकता. उतरायचं सार्वजनिक पुलावरून किंवा सरकारी घाटावरून. गॅलॅटिन नदीच्या काठाने फिरताना हे रोज दिसतं. कोट्यवधी डॉलरचा बंगला, पाण्यापर्यंत उतरलेली हिरवळ, आणि हिरवळीच्या खाली दगडगोट्यांतून छातीपर्यंतची रबरी विजार घातलेला एखादा प्लंबर गळ फेकत चाललाय. मालक वरच्या गच्चीतून बघतो. हात हलवतो किंवा नाही हलवत. त्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. (एवढं करून तो प्लंबर धरलेला ट्राउट पाण्यात परत सोडतो, हे आमच्या गावच्या मासेमार ढिवरांना सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील.)

वाट हा हक्क आहे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली तहसीलदार शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून तुमच्या शेताला रस्ता देऊ शकतो. अडवलेली वहिवाट मोकळी करायला १९०६चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे. पांदण अडली की माणूस पदरमोड करून, वर्षानुवर्षं तारखा घेऊन भांडतो. पण ते सगळं माझ्या सातबाऱ्यासाठी. तलावाची पाळ कुणी फोडून शेतात घेतली, गायरानाला कुणी तारा मारल्या, तर तेवढ्या जिद्दीने तहसील गाठणारे विरळा. ते 'सरकारी' असतं ना! आणि सरकारी म्हणजे एकतर खात्याचं, नाहीतर ज्याचा हात पोचेल त्याचं.

इथे उलट का झालं, याचं एक कारण पैशात आहे. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा उत्पादन कर (आज अकरा टक्क्यांपर्यंत) वन्यजीवांसाठी राखून ठेवला, १९५०मध्ये गळ-दोऱ्यांवरचा कर तसाच माशांसाठी राखला. ती रक्कम राज्यांच्या वन्यजीव विभागांना जाते, परवान्यांची फीही तिकडेच. शिकारी रांगेत उभा राहतो तो जंगलाचा पैसा भरणारा म्हणून, आणि तसाच तोऱ्यात बोलतो. जून २०२५मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी करांच्या मोठ्या विधेयकात पश्चिमेतली लाखो एकर सरकारी जमीन विकायची तरतूद घुसवली. मोंटानाला त्यातून वगळलं होतं. तरी इथले रिपब्लिकन खासदार स्वतःच्याच पक्षाविरुद्ध उभे राहिले, कारण मागे ट्रम्प यांच्या लाल टोप्या घातलेले त्यांचेच मतदार उभे होते. महिना संपायच्या आत ली यांनी तरतूद मागे घेतली.

मग चुलतभावाला काय सांगू? हेच तिकडे आणा म्हणून? नाही. मोंटानाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राहून मोठं आणि लोकवस्ती जवळजवळ ११ लाख. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ११ कोटी होती. इथे चुकलेली गोळी डोंगरात जाते, आमच्याकडे ती कुणाच्या तरी आंगणात जाईल. शिवाय आपल्याकडे शिकारीचं परमिट मिळालं असतं तर ते कुणाला मिळालं असतं, हे न सांगता कळतं. राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी वाघांच्या रांगा लावून फोटो काढले, आणि फाशांनी तितर-लावे धरणाऱ्या पारध्याला १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२मध्ये शिक्का पुसला असं सरकार म्हणतं. पोलीस ठाण्यात विचारून बघा.

पण चुलतभावाच्या तक्रारीतला एक मुद्दा पुण्याच्या मित्राने ऐकायला हवा. पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायची परवानगी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११मध्ये आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मेजावरून येते. येईपर्यंत धान आडवं झालेलं असतं. मारलंच, तर कलम ३९प्रमाणे ते सरकारची मालमत्ता, म्हणजे खड्ड्यात पुरायचं किंवा जाळायचं. मोंटानात मारलेल्या एल्कचं खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर तो गुन्हा. इकडे टाकलं तर शिक्षा, तिकडे खाल्लं तर शिक्षा. मला इकडचा नियम जास्त शहाणपणाचा वाटतो, शाकाहारी मित्रांनी रागवावं. केरळने २०२२मध्ये डुकरांबाबतचा निर्णय पंचायतींच्या हाती दिला, तेवढं तरी महाराष्ट्राने करायला हरकत नव्हती. डुक्कर तिथेही पुरतातच.

अमेरिकेचं गुणगान मात्र एका जागी थांबवावं लागतं. ज्या 'सर्वांच्या' जमिनीचा हा सगळा अभिमान, ती क्रो, ब्लॅकफीट, सॅलिश या मूळ रहिवाशांकडून घेतलेली आहे. क्लेव्हिन हेरेरा या क्रो माणसाने २०१४मध्ये बिगहॉर्नच्या सरकारी जंगलात हंगामाबाहेर एल्क मारला म्हणून वायोमिंगने त्याच्यावर खटला भरला. १८६८च्या तहात त्याच्या लोकांना शिकारीचा हक्क दिला होता. तो हक्क अजून जिवंत आहे एवढं वदवून घ्यायला त्याला २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं, आणि तिथेही निकाल पाच विरुद्ध चार.

आपला २००६चा वनहक्क कायदा या बाबतीत चमत्कारिक आहे. त्याच्या कलम ३मध्ये पाणवठ्यांतल्या मासळीवर गावाचा सामूहिक हक्क मान्य केलाय, आणि त्याच कलमात खाली पारंपरिक शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळलाय. शिकार वगळली ते मी समजू शकतो. पण मासळीच्या हक्काचं काय केलं? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याचं कौतुक जगभर झालं. आमच्याकडच्या मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं, नाव कुणी घेत नाही. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ज्यांचं पोट त्या पाण्यावर होतं ते ढिवर ठेक्याचे अर्जदार झाले. सोसायटी करा, लिलावात या, रक्कम भरा, मुदत संपली की पुन्हा भरा. तोवर पाळीच्या कडेने बेशरमचं रान माजतं, गाळ चढतो, मरळ दिसेनाशी होते. शेवटी सोसायटी ठेका भरायला पैसेवाला शोधते, आणि तलाव कागदावर ढिवरांचा आणि जाळ्यात त्याचा होतो.

जंगलातल्या तलावावर वनहक्काचा दावा टाकावा म्हटलं, तर ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांनी कुठे जाळं टाकलं याचा कागद कोण ठेवतो? मोंटानात मी सलग १८० दिवस राहिलो, गाडी इथे नोंदवली, कर इथे भरला, एवढ्यावर राज्याने मला निवासी मानलं. बाहेरच्याला हजार डॉलरच्या वर पडणारा एल्कचा परवाना मला वीसेक डॉलरला मिळू शकतो, आणि मासेमारीचा तर मी दर वर्षी काढतोच.

चुलतभावाला मी एवढंच कळवलंय की डुकरांचा अर्ज वनक्षेत्रपालाकडे दे आणि पोच घेऊन ठेव. आणि तलावाचा ठेका यंदा सोसायटीच्या नावावर कोण भरतंय, तेही जरा बघून ये.