चिपचा कागद आहे, कार्डाचा नाही

नमस्कार दादा,

घरातल्या जुन्या ४८६ संगणकात भंगारातलं बिननावाचं नेटवर्क कार्ड चालू केल्याच्या लेखावर तुम्ही मला चांगलंच धरलंय. तीनचारशेचा यूएसबी अ‍ॅडाप्टर घेतला असता तर तीन रविवार वाचले असते. चिपची माहिती सगळीकडे मिळते, मग 'कागदपत्रं नाहीत' हा कांगावा कशाला. आणि टर्मिनेटरबद्दल (नेटवर्कच्या तारेच्या टोकाला लावायचा रोधक) मी लिहिलंय ते साफ चूक, असं तुमचं म्हणणं.

टर्मिनेटरचं आधी, कारण तिथं तुमचंच खरं. 'एका टोकाला नसला तरी चालतं' असं मी ठोकून दिलं होतं. चालत नाही. को-अ‍ॅक्स तारेच्या दोन्ही टोकांना ५० ओहम लागतात, म्हणजे दोन्ही समांतर धरून कार्डाला २५ दिसतात. एक काढला की व्होल्टेज दुप्पट होतं, कार्डाला वाटतं दोघं एकदम बोलतायत, आणि ते टक्कर समजून मागं सरतं. मग माझ्याकडं कसं चाललं? तुमची प्रतिक्रिया वाचून सगळं बंद केलं आणि तारेला मीटर लावला. २५! जुन्या हबच्या (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) पाठीमागं टर्मिनेटरचं बारकं बटण आहे, ते आधीपासून दाबलेलं. लेखात दुरुस्ती केलीय.

यूएसबी मात्र लावू कुठं? ४८६ ला ते भोकच नाही. यूएसबीचा पहिला आराखडाच १९९६ चा.

आता कांगावा. मोठ्या चिपवर डीपी ८३९० लिहिलंय, नॅशनल सेमीकंडक्टरची. तिची माहितीपत्रिका मिळते, मान्य. पण आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकच मोटार लेथलाही बसते आणि पिठाच्या गिरणीलाही. प्लेट वाचून मशीन कळतं का? हीच चिप नॉव्हेलच्या एनई २००० वर आहे, वेस्टर्न डिजिटलच्या डब्ल्यूडी ८००३ वर आहे आणि थ्रीकॉमच्या ३सी५०३ वरही. एनई २००० मध्ये चिपचे रजिस्टर (हुकूम आणि स्थिती ठेवायचे छोटे कप्पे) कार्डाच्या पत्त्याच्या सुरुवातीलाच असतात आणि डेटा एका पोर्टातून ओढावा लागतो. डब्ल्यूडीत तेच रजिस्टर सोळा घरं पुढं, आणि डेटा सामायिक मेमरीत. माझं कार्ड कुठल्या जातीचं, हे कुठल्याच कागदात नव्हतं.

अंदाजपंचे काही केलं नाही. आधी कार्डाची खाचेत बसणारी पट्टी खोडरबरानं घासली, इथल्या पावसाळ्यानं तिच्यावर थर चढला होता. मग डॉसच्या डीबग या तपासणीच्या प्रोग्राममध्ये एकेक पत्ता फक्त वाचत गेलो. २४०: एफएफ. २८०: एफएफ, म्हणजे तिथं कोणी राहत नाही. २२० सोडला, तिथं साउंड कार्ड. ३०० ला उत्तर आलं २१. रिसेटनंतर ही चिप आपल्या कमांड रजिस्टरमध्ये नेमकं हेच दाखवते, हे तुमच्याच त्या माहितीपत्रिकेतलं. आणि ते ३१० ला (हे आकडे सोळाच्या पद्धतीतले, म्हणून ३१० म्हणजे सोळा घरं पुढं) नाही, ३०० लाच आलं, म्हणून एनई २००० ची जात धरली. ड्रायव्हर लावला तर माउस गोठला. माउस कॉम २ या सिरियल पोर्टवर, त्याचा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) ३, कार्डाचाही ३. माउस कॉम १ वर नेला, सुटला.

मात्र कार्डावरचा एक जंपर (दोन पिना जोडणारी बारकी टोपी) अजून कळलेला नाही. काढला काय, ठेवला काय, फरक शून्य. तुम्ही या लायनीत जुने दिसता. कधी राजारामपुरीकडं येणार असाल तर कळवा, कार्ड घेऊन येतो. चहा माझ्याकडून.